जिनेंद्रचा दुसरा प्रश्न

आमच्या पेठ वडगावचा जिनेंद्र चौगुले घाबरतो. कशाला घाबरतो ते विचारू नका. कशाला घाबरत नाही ते विचारलंत तर यादी लवकर संपेल. वय बेचाळीस, उंची सहा फूट, मिशी अशी की एसटीत लोक आपण होऊन सरकून जागा देतात. आणि हा गृहस्थ 'थांबा' म्हणायला घाबरून पुढच्या स्टॉपवर उतरतो आणि मागं चालत येतो.

अशा माणसाच्या वाट्याला नोकरी आली ती प्रश्न विचारायची. उचगावातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत तो रिक्वायरमेंट गोळा करतो. म्हणजे गिऱ्हाइकाकडं जायचं, त्याचं काम कसं चालतं ते विचारायचं, लिहून काढायचं आणि त्या कागदावर त्याची सही आणायची. मग त्या कागदाबरहुकूम ऑफिसात सॉफ्टवेअर तयार होतं. जिनेंद्र पहिला प्रश्न नीट विचारतो. उत्तर मिळालं की मान डोलावतो आणि वही मिटतो. दुसरा प्रश्न विचारला आणि समोरचा चिडला तर?

गेल्या वर्षी कळंब्याच्या एका मंगल कार्यालयाचं काम होतं. यानं विचारलं, "बुकिंग कसं घेता?" मालक म्हणाले, "तारखेवर." झालं! सॉफ्टवेअर एक तारीख एकदाच देऊ लागलं. दुपारी एक लग्न आणि संध्याकाळी दुसरं, हे तिथल्या वाढप्यालाही ठाऊक होतं, म्हणूनच ते कुणी सांगितलं नव्हतं. जिनेंद्रच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपतात, त्याच्या भावकीतली लग्नं सगळी दुपारची. संध्याकाळी लग्न लावून माणसं रात्री पंगतीला बसतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. अख्खा हंगाम कार्यालय संध्याकाळी ओस पडलं.

कंपनीच्या सोनल मॅडम तेव्हा म्हणाल्या, "सर, आणखी एकदा असं झालं, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." मॅडम हळू बोलतात. त्यामुळं जास्त भीती वाटते.

पुढचं काम आलं ते एका फौंड्रीचं, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचं. मालक विजयसिंह. त्यांचा आवाज भट्टीच्या पंख्यापेक्षा मोठा. चहा सांगितला तरी भांडण लागलं असं वाटावं.

"वाळू लॅबमध्ये तपासायची!" ते गरजले. "परदेशातनं मशीन आणलंय. रिपोर्ट आल्याबिगर एक साचा भरायचा न्हाय. लिवा, पावणं!"

जिनेंद्रनं लिहिलं. वाळूच्या साच्यात तापलेलं लोखंड ओततात, आणि वाळूत पाणी जास्त झालं तर ते लोखंड उसळून अंगावर येतं, एवढं ऐकूनच त्यानं खुर्ची दाराजवळ सरकवली होती. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काम बघायला गेला, तर कुणाला काही विचारायच्या भीतीनं तासभर भिंतीला चिकटून उभा राहिला. उभा राहिला म्हणून त्याला दिसलं.

साडेआठ वाजले होते. साचे भरणारी वीस माणसं कमरेवर हात ठेवून थांबलेली. साठीच्या चिमणाबाई आल्या, ढिगातली मूठभर वाळू घेतली, दाबली, मूठ उघडली. वाळूच्या गोळ्यावर चारी बोटं उमटली होती. गोळा मधोमध मोडला, मोडलेली कड बघितली आणि म्हणाल्या, "भरा."

माणसं कामाला लागली. लॅबला कुलूप होतं.

जिनेंद्र हळूच त्यांच्याजवळ गेला. "मावशी, रिपोर्ट?"

"येतोय की बाराला."

"त्यात काय असतं?"

"मी सकाळी म्हटल्यालं असतंय त्येच!" असं म्हणून त्या हसल्या, आणि त्याच्या हातातली वही बघून एकदम गप्प झाल्या. "पावणं, माझं नाव लिवू नका. मालकानं हौसेनं मशीन आणलंय. कळलं तर आजच घरी बसवतील. मार्चपतुर निभावू द्या."

चार रात्री जिनेंद्रला झोप नाही. मालकांचा कायदा लिहावा, तर सॉफ्टवेअर बारापर्यंत साचे अडवणार, सकाळची पाळी बसून राहणार आणि ह्याची नोकरी जाणार. खरं लिहावं, तर चिमणाबाईंची जाणार.

शनिवारी विजयसिंहांनी पेनचं टोपण काढलं. शेजारी सुपरवायझर निसारभाई. "कुठं करायची सही?"

जिनेंद्रचा सहा फुटांचा देह खुर्चीत चार फुटांचा झाला. "मालक, लॅब बाराला रिपोर्ट देते... मग सकाळचे साचे कशावरनं भरतात?"

पेन थांबलं. निसारभाई छताकडं बघू लागले.

"निसार!"

"मालक... मावशी बघत्यात."

"कोण मावशी?"

"चिमणाबाई."

"आन् माझं मशीन?" खिडकीची तावदानं थरथरली.

"मशीनबी बघतंय की. नंतर."

विजयसिंह उभे राहिले. जिनेंद्रही उभा राहिला, पळायला म्हणून उठला होता, पण तोंडातून निघालं, "मावशींना काही करू नका, मालक. मी विचारलं म्हणून..."

पण विजयसिंह त्याच्याकडं बघतच नव्हते. खाली बसले. आवाज प्रथमच साध्या माणसासारखा झाला.

"ती मार्चला रिटायर हुतीया. निरोपाची साडीबी आणून ठेवलीया मी." कपाळावर घाम आला होता. "निसार, एप्रिलात 'भरा' म्हणायचं कुणी?"

निसारभाई पुन्हा छताकडं बघू लागले.

सही झाली नाही. विजयसिंहांनी सोनल मॅडमना फोन केला: हा माणूस मला मार्चपर्यंत रोज सकाळी पाहिजे, मावशींच्या शेजारी. ती मुठीत काय बघते ते ह्यानं लिहायचं, मग सॉफ्टवेअर. नोकरी वाचली, असं जिनेंद्रला सोमवारी साडेआठपर्यंत वाटत होतं.

मग चिमणाबाईंनी त्याच्या हातात वाळू दिली. "दाबा. मोडा. सांगा, पाणी जास्त हाय का बेताचं?"

वीस माणसं कमरेवर हात ठेवून बघत होती. मागं भट्टीत लोखंड लाल होत होतं. जिनेंद्रनं मूठ उघडली. गोळा ओलाकिच्च.

"ज... जास्त," तो म्हणाला.

चिमणाबाईंनी ढिगातली वाळू स्वतः दाबून बघितली, मग त्याचं मनगट धरून तळवा उलटा केला.

"वाळू झ्याक हाय. ह्यो तुमचा घाम हाय, बाबा. पुसा आधी. आन् उद्या कोरडा हात घिऊन या." मग माणसांकडं वळून म्हणाल्या, "भरा रं!"