नऊ नंबरचा पास्ता

चहा उकळतोय तोवर मीच सांगून टाकतो. नाहीतर मुग्धा सांगेल, आणि तिच्या तोंडून ऐकलंत तर मी आहे त्याहून जास्त मूर्ख वाटेन. तसं तिला फार काही वाढवून सांगावं लागत नाही, पण तरी.

मी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात आहे. चेन्नईच्या पार उत्तरेला. राहतो मात्र वेलचेरीत, कारण मुग्धाचं ऑफिस इकडे. आमच्या कारखान्यात पोलादाच्या जाड पट्ट्या दोन रोलरमधून दाबून पातळ करतात. दोन रोलर, मध्ये फट, एका बाजूनं जाड घालायचं, दुसऱ्या बाजूनं पातळ घ्यायचं. अकरा वर्षं मी हेच करतोय. माझा सगळा माज इथूनच सुरू होतो.

झालं असं, की लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही समुद्राकडच्या एका हॉटेलात गेलो. मुग्धानं पास्ता मागवला. खाता खाता म्हणाली, "हा ताजा आहे. इथेच मशीनवर लाटतात, हातानं फिरवून."

मी काट्यानं एक पट्टी उचलून बघितली. "यात काय आहे? आमच्या कारखान्यातलं कोल्ड रोलिंगच आहे हे."

"मग कर की घरी."

झालं. आठवडाभरात मशीन घरी हजर. चकचकीत स्टीलचं, दोन रोलर, बाजूला जाडी बदलायचा खटका, त्यावर एक ते नऊ आकडे, आणि फिरवायला एक दांडा. टेबलाच्या कडेला आवळून बसवायला खाली स्क्रू. मी खोक्यातून काढून जरा हाताळलं आणि परत ठेवून दिलं. म्हटलं, हे तर आपल्या पोटापाण्याचंच यंत्र आहे, याची कसली तालीम करायची?

आता ऐका मूर्खपणा. कारखान्यात नवीन मिल बसणार होती. तिचा इनचार्ज कोण, हे आमचे प्लँट मॅनेजर रंगराजन सर ठरवणार होते. एकदा दुपारी कॅन्टीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले. दहीभात कालवता कालवता त्यांनी सहज विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय करतोस रे?"

मी म्हटलं, "सर, घरी पास्ता बनवतो. रोलिंग मशीनवर."

खोक्यातून मशीन एकदाच बाहेर आलं होतं, हे लक्षात घ्या.

सरांचा हात ताटात थांबला. "खरंच? घरी रोलिंग? माझ्या बायकोला पास्ता फार आवडतो. पण आम्ही अंडं खात नाही हं."

"बिनअंड्याचाच करतो सर. या रविवारी जेवायला या."

आणि सर चक्क हो म्हणाले.

त्या दिवसांत माझी आई इस्लामपूरहून आली होती. महिनाभर राहणार होती. तिला इथे करमेना. गुडघे दुखतात, तमिळ कळत नाही, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तिचा एकच आधार, खालच्या मजल्यावरच्या तुळसाअम्मा. या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात मराठीच बोलतात. पहिल्या दिवशी त्यांना भेटून आल्यावर आई मला म्हणाली, "बाई मराठीच बोलतात रे, पण पोथी वाचल्यासारखी." दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं, उरलेलं त्या हातवाऱ्यांवर भागवायच्या. रोज दुपारी तुळसाअम्मा वर यायच्या आणि दोघी काहीतरी निवडत, सोलत बसायच्या.

शनिवारी मुग्धाला ऑफिसला जावं लागलं. सकाळी मी मशीन काढलं. ओट्याचा ग्रॅनाइट इतका जाड, की तो काही स्क्रूच्या पकडीत बसेना. शेवटी मुग्धा घरून काम करते त्या टेबलाला आवळलं. आई दारात उभी राहून बघत होती.

"शेवयांचं मशीन आणलंस होय रे?"

"आई, हे शेवयांचं नाही. पास्त्याचं आहे. इटलीत वापरतात."

"आपलं असंच आहे की. बाजेला आवळतो आपण."

तेवढ्यात तुळसाअम्मा आल्या. चष्मा सारखा करून त्यांनी मशीनला एक फेरी मारली. "काय हे, मुरुक्कू करावयाचे यंत्र काय?"

मुरुक्कू म्हणजे इकडची चकली. मी दोघींना समजावून सांगितलं. रोलर म्हणजे काय, दाब म्हणजे काय, पट्टीला ताण का द्यावा लागतो. दोघींनी माना डोलावल्या. तुळसाअम्मांनी तर तमिळमध्ये बरं, बरं म्हणतात तसं दोनदा "सेरी, सेरी" म्हटलं. मला वाटलं, पटतंय त्यांना.

मग मैदा आणि रवा घेतला. व्हिडिओत अंडी होती, मी त्याऐवजी पाणी घातलं. किती? आता काय सांगू? ओतलं अंदाजानं.

आई म्हणाली, "पीठ सैल झालंय नितीन."

"सैलच लागतं. रोलरमध्ये गेलं की होतं घट्ट."

"मुरू दे तरी तासभर."

"आई, पोलाद मुरत नाही."

ती रव्याचा डबा झाकायला लागली. मी माझ्या वाक्यावर खूश होतो.

आता खटक्याचा प्रश्न. एक ते नऊ. मी विचार केला, आकडा म्हणजे फट. आकडा मोठा, फट मोठी. म्हणजे सुरुवात नऊपासून, मग हळूहळू खाली यायचं. अकरा वर्षांचा अनुभव सांगतोय म्हटल्यावर सूचनांचा कागद कोण उघडणार? खटका नऊवर नेला, गोळा ठेवला आणि दांडा फिरवला. फिरेना. जोर लावला. मशीननं कण्हल्यासारखा आवाज केला आणि खालून काहीतरी आलं. ती पट्टी नव्हती. साय असते ना दुधावरची, तशी ओली, फाटकी चिंधी.

आई म्हणाली, "दुसरीकडनं फिरवून बघ ना खटका. मी पीठ घालते, तुळसाबाई दांडा धरतील, तू खाली हात धर. एकट्याचं काम नाही हे. आमच्याकडे चार बायका बसतात."

"तुम्ही दोघी बसा. मी करतो."

दीड तासात मी त्या गोळ्यातलं बरंचसं पीठ मशीनमधून काढलं. चिंध्या एकावर एक चिकटवून पट्ट्या केल्या, त्या मशीनच्या मागच्या, कापायच्या रोलरमधून घातल्या. जे निघालं ते कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टांगलं. चेन्नईची हवा तुम्हाला माहीत आहे. इथे रुमाल वाळायला दिवस लागतो. दहा मिनिटांत सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटून एक जाड दोर झाला आणि स्टँडवरून लोंबकळायला लागला. मी पंखा पाचवर लावला. उरलेलं पीठ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं, म्हटलं दोर वाळला की पट्ट्या सुटतील आपोआप, आणि जेवून जो आडवा झालो तो चांगला साडेचारपर्यंत.

उठून बाहेर आलो आणि जागीच थांबलो. स्टँडवर पट्ट्या टांगलेल्या होत्या, सरळ, सुट्या, एकसारख्या रुंदीच्या. पिठी भुरभुरलेल्या. मी एक हातात घेऊन बोटांनी जाडी बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाडी. आमच्या मिलमधून असा माल निघाला तर आम्ही फोटो काढून लावू.

आई आणि तुळसाअम्मा गवार मोडत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "बघितलंत? पंख्यानं कमाल केली."

आईनं गवारीची शेंग मोडली. तुळसाअम्मांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग खाली ताटाकडे. म्हणाल्या, "पंखा बरवा आहे हो तुमचा."

संध्याकाळी मुग्धा आली. तिनं स्टँड बघितला, मग मला विचारलं, "हे तू केलंस?"

"मग कोण करणार?"

तिनं आईकडे बघितलं. आई देवापाशी दिवा लावायला उठून गेली. मला तेव्हाही काही कळलं नाही. माणसाला आपलं कौतुक ऐकायचं असलं की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

रविवारी रंगराजन सर मिसेसना घेऊन आले. तुळसाअम्मांनाही बोलावलं होतं, म्हटलं आईला सोबत होईल. मुग्धानं टोमॅटोचा सॉस केला होता. मी पट्ट्या उकळल्या आणि वाढल्या. सर शांतपणे खात होते. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मिसेस म्हणाल्या, हॉटेलात असा मिळत नाही.

आणि मी सुरू झालो. एकेका फेरीत जाडी किती कमी करायची, कडा फाटू नयेत म्हणून काय करायचं, रोलरवर दाब सारखा कसा ठेवायचा. सर मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, मी उत्तरं देत होतो. मुग्धानं टेबलाखालून मला दोनदा पाय मारला. मला वाटलं, वेळ बरी साधलीय, नव्या मिलचं बोल, असं सुचवतेय.

जेवण झाल्यावर सर हात पुसत म्हणाले, "एक पट्टी काढून दाखव ना. मला बघायचंय."

आई पटकन म्हणाली, "आता जेवण झालंय, आता कशाला?" तुळसाअम्मांनी ते सरांना तमिळमध्ये सांगितलं. सर हसून म्हणाले, एकच पट्टी, पाच मिनिटं.

मी फ्रिजमधला डबा काढला. मशीन टेबलाला आवळलं. खटका ऐटीत नऊवर नेला.

सरांनी विचारलं, "फट किती ठेवलीस?"

"नऊ सर. सगळ्यात मोठी. इथून खाली येत जायचं."

गोळा ठेवला, दांडा फिरवला. फिरेना. जरा हसलो, जोर लावला. स्क्रू सैल झाला आणि मशीन टेबलावरून घसरून माझ्या पोटावर आलं. पीठ शर्टाला चिकटलं. सर खुर्चीतून उठले, त्यांनी मशीन माझ्या हातातून अलगद घेतलं आणि खिडकीपाशी नेलं. आमच्या कारखान्यात रोलरमधली फट अशीच बघतात, उजेडाकडे धरून. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. मग मला बोलावलं.

"बघ."

मी बघितलं. रोलर एकमेकांना जवळजवळ टेकलेले. केसाएवढी उजेडाची रेघ.

सरांनी खटका एकवर नेला. "आता बघ." मधून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसत होती. तिथल्या बाई टॉवेल झटकत होत्या, त्याही स्पष्ट दिसल्या.

अकरा वर्षं, बघा. आणि मला फट कुठल्या बाजूला उघडते ते माहीत नव्हतं.

आईला राहवलं नाही. "एकवरनंच सुरू करायचं रे. काल आम्ही तसंच..." आणि ती थांबली.

पण तुळसाअम्मा थांबेनात. आई बोलली की सरांना तमिळमध्ये सांगायचं, हे काम सर आल्यापासून त्यांच्याकडे होतं, आणि त्या कामाला पक्क्या. त्यांनी आईचं अर्धं वाक्य सांगितलं आणि उरलेलं अर्धं स्वतःच पुरं केलं. काल हा झोपला तेव्हा आम्ही दोघींनी तो दोर टाकून दिला, नवीन पीठ घट्ट मळलं, तासभर मुरू दिलं, मी दांडा फिरवला, यांनी पट्टी धरली. सगळं सविस्तर. मला तमिळ येतं, हीच अडचण.

 मी आईकडे वळलो. "मला सांगायचं तरी."

आई म्हणाली, "तुझं तोंड बघवत नव्हतं रे. आणि साहेब यायचे होते." मग टेबलावरची पिठी पुसत, "आणि माझाही दिवस बरा गेला. महिन्यात पहिल्यांदा."

 खरं तर त्या क्षणी मला माझ्या फजितीपेक्षा तेच जास्त लागलं. ती दारात उभी राहून मदत करते म्हणत होती आणि मी तिला दाब आणि ताण शिकवत होतो.

सर मात्र आईकडे गेले. तुळसाअम्मांकरवी विचारलं, "अम्मा किती वर्षं हे मशीन चालवतात?"

आई म्हणाली, "हे कालच बघितलं. पण आमच्याकडच्यावर चाळीस वर्षं बसले."

मग घट्ट पीठ मळलं गेलं, मुरलं, आणि सरांच्या मिसेस, तुळसाअम्मा, आई आणि मुग्धा चौघी टेबलाभोवती बसल्या. पट्टीमागून पट्टी निघत होती. मी आणि सर सोफ्यावर बसून बघत होतो. माझ्या शर्टावरचं पीठ तोवर वाळून कडक झालं होतं.

निघताना सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "नितीन, जेवताना तू जे समजावून सांगितलंस ना, ते फार चांगलं होतं. अगदी बरोबर, एकही चूक नाही."

मला जरा धीर आला.

पुढच्या आठवड्यात ऑर्डर निघाली. नवी मिल माझ्याबरोबरच्या सेल्वमला मिळाली. मला ट्रेनिंग विभागात घेतलं. आता मी आठवड्यातून तीन दिवस फळ्यासमोर उभा राहून नव्या लोकांना रोलिंगची थिअरी शिकवतो. खडू आणि डस्टर एवढंच सामान. शॉप फ्लोअरवर, म्हणजे मशीनपाशी, जायची गरज नाही, असं सरांनी पत्रात मुद्दाम लिहिलंय.

आई इस्लामपूरला परत गेली. तिथे ती गल्लीत सगळ्यांना सांगते, की आमच्या नितीनचं काम एवढं चांगलं आहे, की साहेब घरी येऊन बघून गेले आणि त्याला मास्तर केलं. परवा तिथून माझ्या शाळेतल्या सरांचा फोन आला, अभिनंदन करायला. मी "थँक्यू सर" म्हटलं आणि ठेवला.