हार्डडिस्कची मोजणी

"कुणी हात लावू नका! मोजणी चालू हाय!"

जिंतूरच्या त्या घराच्या फाटकातच ही आरोळी कानावर आदळली. आरोळी माझ्या थोरल्या साडूंची. हा माणूस शेतात उभा राहिला, तर जमीन आपण होऊन आपलं क्षेत्रफळ सांगते. जन्म मोजणी खात्यात गेला. बांधावर नुसते खोकले, तरी दोन्हीकडचे भाऊबंद कुऱ्हाडी खाली ठेवायचे. निवृत्त झाले, पण सवय नाही गेली. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचा गुडघा यांच्या हद्दीत आला, की आधी तोंडी समज. एकदा एसटीत तिघांच्या बाकावर चौथा टेकला, तर यांनी विती टाकून बाक मोजलं आणि कंडक्टरला पंच केलं. कंडक्टरनं घाबरून स्वतःची जागा देऊन टाकली!

त्या दिवशी मोजणी होती घरच्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कची. एकाच डब्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदवायच्या होत्या. जुनी विंडोज ठेवायची आणि शेजारी लिनक्सला जागा काढून द्यायची. मी परभणीहून पंच म्हणून आलो होतो. व्हॉट्सअॅपवर रीतसर नोटीस होती. टेबलावर मोठा नकाशा. पूर्वेस विंडोज, पश्चिमेस लिनक्स, मध्ये बोटभर जागा रिकामी.

"ही कशाला सोडली?"

"बांध. बिगर बांधाचे शेजारी नांदत न्हाईत, पावणं."

आणि खाली एक समाईक पट्टा, त्यावर लाल पेनानं 'गायरान'. तिथं दोघांनाही मुभा, कारण तिथं आक्कांची गाणी होती.

आक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या भजनाला बसल्या की देवळातली घंटा कुणी न हलवता वाजायची, हे मी शपथेवर सांगतो. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, उरली कुजबुज. चाळीस भजनं तेवढी या कॉम्प्युटरात होती, दुसरीकडं कुठंच नाही. मध्ये विंडोज आठ दिवस रुसून बसली, तेव्हा साडूंना जेवण गेलं नव्हतं. "एक दार बंद झालं, तर दुसऱ्यानं आत जाता आलं पायजे," एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खोटा सातबारा पुढं केलाय. "नक्कल ती नक्कल. मूळ जाग्यावर पायजे."

दुपारपर्यंत दोन्ही सिस्टिम गुण्यागोविंदानं चालायला लागल्या. मी चहाचा घोट घेतला, तोच साडूंना पडद्यावरच्या नकाशाच्या अगदी टोकाला एक चिंचोळी पट्टी दिसली. ना नाव, ना गाव.

"अतिक्रमण! पावणं, सही करा."

मी केली. एका टिचकीत पट्टी साफ. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पडदा काळाठिक्कर. विंडोज नाही, लिनक्स नाही, गायरानही नाही.

आक्का दारात उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या नकाशाकडेच बघत राहिले. मग कपाळावर असा हात मारला, की बाहेरचे कावळे उडाले.

"पावणं, ते अतिक्रमण नव्हतं हो. ती पांदण व्हती!"

कॉम्प्युटर सुरू होताना दोन्ही शेतांत जायची वाटच ती. जन्मभर लोकांना शेतरस्ते मोकळे करून देणाऱ्या माणसानं घरची वाट स्वतः नांगरली होती.

पुढच्या तीन तासांत मी जे पाहिलं, ते पुढच्या सात जन्मांना पुरेल. पट्टीचं माप यांनी पुसण्याआधी टेबलावरच्या नकाशात टिपून ठेवलेलं होतंच. ज्यावरून लिनक्स बसवलं होतं तो पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर उठवला, त्याच जागी, त्याच मापाची पट्टी आखली आणि दोन्ही सिस्टिमच्या खुणा तीत परत रोवल्या. कुणाला फोन नाही, घोटभर पाणी नाही. शेवटची खूण रोवताना त्यांनी श्वास धरला, तेव्हा जिंतूर तालुक्यातलं सोयाबीनचं एक पान हललं असेल तर माझी मिशी उतरवा.

पडद्यावर दोन नावं उमटली. कुठं जायचं? साडूंनी लिनक्सचं दार उघडलं, गायरानात गेले आणि पहिलं भजन लावलं.

आक्कांचा आवाज. आधीचा, भरलेला, सगळ्या घरात न मावणारा. साडू चष्मा पुसत राहिले. काचा नसत्या तरी पुसल्या असत्या. मीही भिंतीकडं तोंड केलं.

भजन संपलं. मला राहवलं नाही. "आक्का, कसं वाटलं?"

त्या कुजबुजल्या, "तिसऱ्या कडव्यात सूर उतरलाय."