आधी समुद्र, मंग गुडघा

कोणाचीही सायकल समोर आली की सिस्टर आधी पुढच्या चाकावर अंगठा दाबायच्या, मग मागच्या. दाबून सोडायच्या आणि तिथे खळगा पडतो का ते डोळे बारीक करून बघायच्या. गरोदर बाईच्या पायावरची सूज बघायची तीच ही पद्धत. सगळी नोकरी मलकापूरच्या आसपासच्या खेड्यांत नर्स म्हणून झालेली, त्यामुळे अंगठ्याला सवयच ती. "हवा पाह्यली का?" हे वाक्य त्या नमस्काराच्या जागी वापरायच्या. लग्नाच्या पंगतीत भेटल्या तरी आधी हवा, मग जेवणाची चौकशी.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेलच, ज्याचं खरं नाव कोणी वापरत नाही. या बाईंना अख्खं गाव सिस्टर म्हणायचं. लहानपणी मलाही त्यांनीच सुया टोचलेल्या. पुढे मी औषधांचं दुकान टाकलं, चार लोक मला मान देऊ लागले, तरी सिस्टर काउंटरवर येऊन गिऱ्हाइकांदेखत विचारायच्या, "अजून रडतं का रे सुईले?"

निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने त्यांना गिअरची सायकल घेऊन दिली. कॉलनीत दोन फेऱ्या माराव्यात, तब्येत बरी राहील, एवढाच त्या बिचाऱ्याचा हेतू. मी आणि माझा मित्र गजू तेव्हा रोज सकाळी नळगंगा धरणाकडे सायकली दामटायचो. एका सकाळी सिस्टर आमच्या मागे लागल्या, महिनाभरात पुढे गेल्या, आणि पावसाळा संपेपर्यंत आम्हाला राजूर घाट चढायला लावला. घाटाच्या वरच्या टोकाला त्या कठड्यावर बसून आमची वाट बघायच्या. गजू धापा टाकत पोचला की त्याची नाडी धरायच्या आणि म्हणायच्या, "जित्ता हाय. चाल."

मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि गुडघा बदलावा लागेल असं सांगितलं. बदलल्यावर घाटबीट विसरा, सपाटीवर हळूहळू चालवा, तेही जमलं तर. सिस्टर तिथून थेट माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं गोळ्या मागतील.

"समुद्र पाह्यला का रे तू?"

"हो, मुंबईचा."

"तो नाही. खरा." त्यांनी गिऱ्हाइकाला हाताने बाजूला केलं. "मी तं कोणताच नाही पाह्यला. या गुडघ्यानं मले चाळीस खेडी फिरवली. याले घेऊनच जाणार. अलिबाग ते वेंगुर्ला, काठाकाठानं. आधी समुद्र, मंग गुडघा."

"अन् रस्त्यात दगा दिला तं?" दुकानात बसलेल्या गजूने विचारलं.

"काऊन देईन? काठचा रस्ता हाय. पाणी सपाट, तं रस्ता बी सपाट."

आता हसू नका. आम्ही वऱ्हाडातली माणसं, आमच्याकडे पाणी तळ्यात असतं नाहीतर टँकरमध्ये, आणि दोन्हीकडे ते सपाटच दिसतं. मला आणि गजूला हा मुद्दा बिनतोड वाटला. नकाशावर निळ्याच्या कडेने जाणारी रेघ बघून आम्ही खुशाल मान डोलावली. मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई, गाडी करून देतो, आरामात बघ." सिस्टर म्हणाल्या, "गाडीतून तं टीव्हीत बी दिसते." वर एक अटही घातली. अलिबागपासून पुढे सायकल कुठेही गाडीत चढणार नाही. चढली तर दौरा तिथेच संपला.

अलिबागच्या थोडं अलीकडे सायकली गाडीतून उतरवल्या आणि निघालो, तर एका वळणावर झाडी संपली आणि समुद्र एकदम समोर आला. गजू ओरडला, मी फोटोसाठी मोबाइल शोधू लागलो. सिस्टर सायकलवरून उतरल्याच नाहीत. वाळूत चाक रुतेपर्यंत तशाच गेल्या, मग चपला काढल्या, पाण्यात हात बुडवला आणि बोट चाटलं. "मीठ जास्ती झालं," म्हणाल्या आणि खदखदा हसायला लागल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मलाही उगीच हसू येत राहिलं.

आणि दुसऱ्याच दिवशी सपाट रस्त्याचं पितळ उघडं पडलं. कोकणातला काठचा रस्ता म्हणजे एक खाडी, एक डोंगर, पुन्हा खाडी, पुन्हा डोंगर. आपण जीव काढून वर चढायचं, वरून नारळीची बाग आणि चकाकणारं पाणी बघायचं, की लगेच सुसाट खाली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी, शर्टाचा फुगा, आणि खाली पोचतो न पोचतो तोच नवा चढ समोर हजर. तो संबंध दिवस गजू नकाशा छापणाऱ्याला शिव्या देत होता. सिस्टर मात्र प्रत्येक उतारावर पेटी वाजवावी तशी घंटी वाजवत जायच्या आणि खालच्या गावातली माणसं कोण आलं म्हणून अंगणात यायची.

दाभोळच्या खाडीत तर कहर झाला. पलीकडे जायला फेरीबोट होती. सायकल गाडीत चढवायची नाही अशी अट होती, बोटीचं काही ठरलं नव्हतं. सिस्टरांनी थोडा विचार केला, सायकल बोटीवर घेतली आणि बोट सुटताच दोन मोटारींच्या मधल्या जागेत गोल गोल चालवायला लागल्या.

बोटीवरचा माणूस धावत आला. "अहो आजी, बोट चाललीय ना? मग तुम्ही कशाला चालवताय?"

"तुमी तुमची चालवा, मी माझी चालवून राह्यली," सिस्टर म्हणाल्या, आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत खाली उतरल्या नाहीत. मोटारीतली पोरं टाळ्या वाजवत होती. उतरताना त्या माणसाने स्वतःहून फळी नीट धरली.

आरे-वारेचा चढ त्यांनी चढला. देवगडच्या पुढचा चढला. रात्री मुक्कामी गुडघ्याला शेक देताना मी सूज बघायचो, ती रोज वाढत होती. बोललो तर म्हणायच्या, "तू गोळ्या विक. सूज मले कळते." मालवणपर्यंत आलो तेव्हा मला खरंच वाटायला लागलं होतं की जमतंय.

परुळ्याच्या अलीकडे एका चढावर गुडघा अडकला. सरळही होईना, वाकेही ना. सिस्टर रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. मागून आलेला एक टेम्पोवाला थांबला. "काकी, बसा गाडयेत. सोडतंय फुडे."

मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो. "सिस्टर, बस झालं. इथवर आलो हेच लय झालं. कोणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणीन ना," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "वेंगुर्ला किती राह्यलं?"

"फार नाही. पण चढउतार आहेत."

हे ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "उतार बी हायेत ना पण? सपाट असता तं मेली असती मी. गजू, पाना काढ."

उजवं पायडल त्यांनी काढून टाकायला लावलं, फिरताना दुखऱ्या पायाला लागू नये म्हणून. डावा पाय क्रेप बँडेजने पायडलला बांधून घेतला, म्हणजे तोच दाबेल आणि तोच ओढेल. गाठ स्वतः मारली, नर्सचीच गाठ. टेम्पोवाला इंजिन बंद करून हे सगळं बघत उभा राहिला आणि शेवटी त्यानेच मागून धरून त्यांना सायकलवर चढवलं.

चढावर आम्ही दोघे दोन बाजूंनी सीटला हात लावून ढकलायचो. ढकलणं त्यांच्या अटीत बसत होतं, कारण चाक जमिनीवर होतं. माथा आला की आम्ही हात सोडायचो आणि सिस्टर घंटी वाजवत एकट्या खाली. पण एक पाय बांधलेला, दुसरा दुखरा, त्यामुळे पाय टेकून थांबता येत नव्हतं. म्हणून गजू त्यांच्या आधी जीव खाऊन खाली जायचा, सायकल फेकायचा आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहायचा. एकदा दोघे मिळून आमराईच्या कुंपणात गेले. तिथून हसण्याचे आवाज आले, तेव्हा मला धीर आला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता, हे मी बायकोसमोरही सांगतो.

नंतर पुण्यात त्यांचं ऑपरेशन झालं. मुलाने तिथेच ठेवून घेतलं. फोनवर नव्या गुडघ्याचं कौतुक करायच्या, "पाहुणा बरा हाय, पण बोलत नाही." गेल्या हिवाळ्यात झोपेतच त्या गेल्या. गजूने दुकानात येऊन सांगितलं.

त्या दिवशी आम्ही वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बँडेज सोडलं, दोघांनी खांद्यावर हात घेऊन त्यांना पाण्यापर्यंत नेलं. "जा तुमी, चहा प्या," त्या म्हणाल्या. आम्ही थोडं मागे जाऊन वाळूत बसलो. सिस्टर उथळ पाण्यात पाय पसरून बसल्या होत्या. लाट यायची, पातळ चढून गुडघ्यावरून जायची. त्या त्यावर हात फिरवत होत्या, बाळंतिणीला घरी पाठवताना पाठीवरून फिरवायच्या तसा. वारा आमच्याकडे होता, म्हणून त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"लय चालला रे बाबा तू," त्या गुडघ्याला सांगत होत्या. "आता तुले सुटी. जाय घरी."