विकलेल्या गाईचा आवाज

धामणगाव बढ्याच्या एका माणसानं मोबाइलवरची जाहिरात पाहून आमची गाय नेली. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं घरातच ठेवतात. त्यानं नवं दावं आणलं होतं, आमचं खुंट्यालाच राहिलं.

जाहिरातीचा व्हिडिओ मीच काढला होता. गाय मख्ख उभी होती, म्हणून तिची कालवड घरामागं नेऊन बांधली. मग गाय तिच्यासाठी अशी हंबरली, की पाहणाऱ्यांनी खाली लिहिलं, ‘आवाज दमदार हाय.’

गाय गेली, जाहिरात राहिली. फोन येत, मी वैतागून ‘गेली हो ती’ म्हणे. घरात कोणी तो व्हिडिओ लावला, की गोठ्यातून कालवड ओ देई. शेवटी मी जाहिरात काढून टाकली आणि माझ्या फोनमधला व्हिडिओही पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो आणि गोठ्यात गाय हंबरली. तोच आवाज. हातातला घास तसाच टाकून मी धावलो.

आई खुंट्यापाशी बसली होती. तिला तो व्हिडिओ मी कधीतरी पाठवला होता, हे विसरूनच गेलो होतो. जुन्या दाव्याच्या वेटोळ्यात तिचा मोबाइल होता आणि कालवड तो चाटत होती.

“काऊन लावून राह्यली वं हे?” मी ओरडलो.

“हळू बोल,” आई म्हणाली. “मायनं आवाज देल्याबिगर ते चाऱ्याले तोंड लावत नाही.”