ओल्या शेणी

कोल्हापुरात माणूस गेला की घरच्यांना सरणाची काळजी करावी लागत नाही. पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत शेणी तयार असतात. गोवऱ्यांना आम्ही शेणी म्हणतो. त्यातल्या बऱ्याचशा लोकांनीच दिलेल्या असतात. होळी जवळ आली की गल्लोगल्लीची मंडळे आपली होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी तिथे नेऊन देतात. हे सगळे मला ऐकून माहीत होते. मी एका शाळेत ग्रंथपाल होते, आणि अशा गोष्टी मला बहुतेक वाचून किंवा ऐकूनच माहीत असतात.

गेल्या श्रावणात माझे पती गेले. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, मीही गेले नाही. तिरडी दारातून निघाली, गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. त्यापुढचे मला काही ठाऊक नाही. पुढे कितीतरी दिवस मी पुस्तक उघडून बसे आणि मन त्या वळणाशी जाऊन थांबे. दिवाळीनंतर केव्हातरी सुचले, की त्यांच्यासाठी शेणी कुणी दिल्या हे आता कळायचे नाही, पण आपण दुसऱ्या कुणासाठी तरी देऊ शकतो.

अडचण होती तालमीची, म्हणजे आमच्या गल्लीतल्या आखाड्याची आणि त्याच्याच मंडळाची. आमच्या तालमीची होळी पेठेत सगळ्यात उंच असते, आणि ती लहान करायची गोष्ट आजवर कुणी काढली नव्हती. तालमीचा अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी. आता पन्नाशीचा आहे, मिशा पिकल्या आहेत. शाळेच्या ग्रंथालयातून नेलेले एक पुस्तक त्याने अजून परत केलेले नाही. मला वाटते, त्यामुळेच त्याने माझे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“बाई, आमच्या आज्ज्यापासनं एवढी होळी हाय,” तो म्हणाला. “बारकी केली तर पलीकडची तालीम वर्षभर हसंल आमास्नी.”

“हसू दे की.”

त्याने कट्ट्यावर बसलेल्या मंडळींकडे पाहिले.

“बरं. यंदा बारकी करू. पर एक हाय. तुमी म्हंतासा तशा टेंपोभर शेणी होळीला तिथं पोचल्या पायजेत. न्हाय पोचल्या, तर फुडच्या वर्षी होळी हुती तेवढी. आनि मग ह्यो इषय परत काढायचा न्हाय.”

मी कबूल केले.

होळीच्या शेणी दरवर्षी राधानगरीकडच्या एका गावातून येत. यंदा त्या मागायला मी स्वतः एसटीने गेले. गावातल्या बायकांना एका अंगणात बसवून कारण सांगितले. मग एक म्हातारी म्हणाली, “असं हाय तर ताज्या थापून देतो की. मयताला जुनं-पानं कशाला द्यायचं?”

बाकीच्यांना ते इतके पटले की आठ दिवसांची मुदत सांगून त्यांनी मला चहा पाजून परत पाठवले. मलाही ते पटले होते, हे मी लपवत नाही.

आठ दिवसांनी टेंपो घेऊन मी आणि अध्यक्ष गेलो. प्रत्येक अंगणात शेणी मांडून ठेवलेल्या, एकसारख्या गोल, निवडून काढल्यासारख्या. प्रत्येक घरी चहा. पाचव्या घरचा माझा कप मी गुपचूप अध्यक्षापुढे सरकवला. दुपारी टेंपो भरून आम्ही थेट स्मशानभूमीकडे निघालो. त्या फाटकातून मी आयुष्यात पहिल्यांदा आत गेले ती अशी, ड्रायव्हरशेजारी बसून, पदरावर शेणीचा चुरा घेऊन. घाबरायला वेळच मिळाला नाही.

तिथल्या कामगाराने, साठीकडे झुकलेल्या गृहस्थाने, टेंपोतली एक शेणी उचलली आणि मोडली. वरून करकरीत दिसणारी ती शेणी आतून हिरवीगार होती.

“कुणी घेतल्या बघून?” त्याने विचारले.

“मी.”

“बाई, मन चांगलं हाय तुमचं, पर शेणी वल्या हायत. ह्या पेटायच्या न्हाईत, नुसत्या धुमसतील. आनि घरची मानसं तिथं उभी असत्यात.” तो ओरडला नाही, म्हणून मला जास्त लाज वाटली. “वाळवून आना. होळीला हायत की अजून दहा दिस.”

अध्यक्षाने टेंपो वळवून घेतला. मग म्हणाला, “पलीकडच्या तालमीला कळायच्या आत काय तरी करा बाई.”

गल्लीच्या टोकाला एक आक्का राहतात. त्यांच्या तीन म्हशी आहेत आणि अर्ध्या गल्लीला दूध त्यांचेच. त्यांनी टेंपोत हात घातला आणि माझ्याकडे बघितले.

“मला का न्हाय इचारलासा? जलम गेला माझा शेण थापन्यात, आनि तुमी गेलासा पुस्तक बघून.”

“पुस्तकात हे नव्हतं,” मी म्हणाले.

“त्येच सांगाय लागलोय की,” आक्का म्हणाल्या.

मग सगळी सूत्रे आक्कांकडे गेली. शेणी आडव्या पसरायच्या नाहीत, दोन-दोन एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, दुपारी बाजू बदलायची. तालमीची गच्ची भरली, मग आमची, मग शेजारच्यांची आणि समोरच्यांची. दिवस उन्हाळी वाळवणाचे होते. कुरडया आणि पापड एका कोपऱ्यात सरकले आणि बाकी सगळीकडे शेणींचे छोटे छोटे तंबू उभे राहिले. समोरच्या घरात मुलगी बघायला उचगावचे पाहुणे आले, तेव्हा मुलीच्या आईने कपाळाला हात लावला. जिना चढून आलेल्या मुलाच्या वडिलांनी गच्ची बघितली आणि विचारले, “पावणं, म्हशी किती हायत तुमच्याकडं?” खरे कारण कळल्यावर ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. लग्न जमले. दोन दिवसांनी त्यांनी आपल्या गोठ्यातल्या खडखडीत शेणींचे पोते पाठवून दिले.

आमच्या गच्चीवरच्या शेणी मी रोज उलटत असे. प्रत्येकीवर थापणारीची बोटे उमटलेली होती. कुणाचा पंजा रुंद, कुणाची करंगळी वाकडी. तीन-चार दिवसांत मला ते हात ओळखता येऊ लागले. आमच्या घरच्या माणसासाठी ज्या कुणी थापल्या असतील, त्यांचेही हात असेच असणार. एवढे कळले तरी मला पुरेसे वाटले, आणि त्या दुपारी बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.

होळीला दोन दिवस उरले असताना चारच्या सुमारास आभाळ भरून आले. आक्का रस्त्यातूनच ओरडल्या, “शेणी झाका की गं!” सगळ्या गच्च्यांवर एकदम पावले वाजली. तालमीतले गडी लंगोटावर टॉवेल गुंडाळून जिने चढले. माझ्या हातात मंडळाच्या मांडवाची ताडपत्री होती आणि तिचे दुसरे टोक अध्यक्षाच्या हातात.

“पापड भिजत्यात,” कुणीतरी म्हणाले.

“भिजू द्यात. परत लाटू,” समोरची मुलीची आई म्हणाली.

वळीव आला, दहा मिनिटे कोसळला आणि गेला. शेणी कोरड्या राहिल्या. पापडांचे काय झाले ते मी लिहीत नाही.

होळीच्या सकाळी टेंपो पुन्हा फाटकाशी उभा राहिला. या वेळी आक्का सोबत होत्या. कामगाराने वरची एक शेणी मोडली, मग हात खोल घालून मधली काढली, मग अगदी तळातली. तळातली मोडून तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला, की अध्यक्ष मिशी चावू लागला.

“घ्या उतरून,” कामगार म्हणाला.

आम्ही रांग केली. शेणी हातातून हातात जात राहिल्या आणि मी रांगेच्या टोकाला, छपराखाली, रचायला उभी राहिले. मधून हवा खेळली पाहिजे म्हणून कशा तिरप्या लावायच्या ते त्याने मला दाखवले. मी विचारले, “ऐन पावसाळ्यातसुद्धा कोरड्या राहतात का हो इथं?”

“ऱ्हातात की. थेंब लागत न्हाय.”

मी पुढची शेणी हातात घेतली. आक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच, “वाकडी लागलीया ती,” म्हणून नीटही केली.

संध्याकाळी आमची होळी पेटली ती गुडघ्याएवढी. नैवेद्याच्या पोळ्या तिच्यापेक्षा उंच रचलेल्या दिसत होत्या. पलीकडच्या तालमीची मंडळी मुद्दाम बघायला आली.

“काय अध्यक्ष, चूल पेटवलासा व्हय?”

“व्हय,” आमचा अध्यक्ष शांतपणे म्हणाला. “फुडच्या साली तुमचीबी एवढीच. बाई येनार हायत तुमच्याकडं बोलायला.”

असे काही मी ठरवले नव्हते. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांतले निम्मे माझ्या ग्रंथालयात बसलेले.

“कधी येतासा?” त्यांच्यातल्या एकाने जरा मागे सरकत विचारले.

“उद्याच येते.”

“उद्या धुळवड हाय बाई. मटन सोडून कोन बसनार तुमच्याफुडं?”

“मग परवा,” मी म्हणाले.