पाटीवरचा नंबर

आक्काला तिच्या सख्ख्या भाच्यानं फसवलं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मंगळवार पेठेत आजही काही माणसं उलटंच सांगतात. आक्कानं सरकारचा कर बुडवला म्हणून दुकान गेलं, असं चहा पिता पिता बोलतात. त्यांतल्या दोघांची मी गचांडी धरली आहे. तिसऱ्याचीही धरीन.

आक्काचं दुकान कोल्हापुरी चपलांचं, माझ्या कातड्याच्या गोडाऊनसमोर. पाटीवर दुकानाचं नाव बारीक आणि त्याखाली विक्रीकराचा नोंदणी नंबर हातभर मोठा. रंगाऱ्यानं विचारलं होतं, "आक्का, नंबर बघून कोण पायताण घेतंय?" ती म्हणाली, "नाव काय, कुणीबी ठेवतंय. नंबर सरकारनं दिलाय." पुढं विक्रीकराच्या जागी व्हॅट आला आणि नंबर बदलला. तेव्हा आक्का रस्त्यात उभी राहून शिडीवरच्या रंगाऱ्याला एकेक आकडा ओरडून सांगत होती. शेवटचं, व्हॅटचं इंग्रजी 'व्ही' अक्षर जरा कलतं आलं, तर पुसून पुन्हा काढायला लावलं.

आमची ओळख भांडणातूनच झाली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. माझं गोडाऊन अजून नव्हतं, मी सायकलवर कातडं लादून दुकानोदुकानी विकत फिरायचो. भाव करण्यात मला कोणी हरवत नसे. आक्कानं मला तासभर घासलं, भाव पार तळाला नेला, आणि सौदा ठरल्यावर म्हणाली, "आता बिल द्या, पावणं."

"या भावात बिल? बिनबिलाचा भाव हाय ह्यो!"

"मग उचला तुमचं कातडं."

मी तावातावानं कातडं सायकलवर चढवलं. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. कारण माल बघताना ती ज्या तऱ्हेनं कातड्यावरून अंगठा फिरवायची, तसा मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाचा फिरताना पाहिला नव्हता. त्या दिवशी मी पहिल्यांदा बिलबुक विकत घेतलं.

बिलाचं हे वेड कुठून आलं, ते तिनं एकदाच सांगितलं. तिचे वडील कोडोलीत चपला बांधायचे. "बापाची पायताणं पार मुंबईला गेली, रं. पर त्याचं नाव एका कागदावर न्हाय. विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव. बांधणारा कोण? कोण न्हाय." म्हणून ती प्रत्येक बिल दोन्ही हातांनी द्यायची, प्रसादासारखं. गिऱ्हाईक ते चुरगळून खिशात घालायला लागलं, की ओरडायची, "घडी घाला! माझा नंबर हाय त्यावर!"

पुढं इंटरनेट आलं. तिच्या बहिणीचा मुलगा हातकणंगल्याचा. कॉम्प्युटर शिकलेला, गोड बोलणारा. त्यानं मावशीच्या चपलांचे फोटो काढले, वेबसाइट केली, आणि बेंगळूर-दिल्लीहून ऑर्डरी यायला लागल्या. आक्का हरखली. पण पहिला प्रश्न तिनं हाच विचारला, "कराचं कसं?"

राज्याबाहेर माल गेला की कर वेगळा, हे तिनं आठवड्याभरात पाठ केलं. निपाणीची एक ऑर्डर आली, तेव्हा तर मौज झाली. निपाणी म्हणजे आम्हाला शेजारची गल्ली. अर्ध्या पेठेच्या लेकी तिथं दिलेल्या. मी म्हणालो, "आक्का, कशाला ते निराळं बिल? माझा मेहुणा उद्या जाणार हाय, देतो त्याच्या पिशवीत."

"लेक दिली म्हणून निपाणी म्हाराष्ट्रात येती व्हय? बिलात ते परराज्यच!"

मेहुण्याच्या पिशवीतून चपला गेल्या, पण केंद्रीय कराच्या बिलासकट. मेहुणा हसून हसून बेजार झाला.

वेबसाइटची बिलं आक्काच्या नंबराची, पण त्यांचा हिशेब भाचा ठेवायचा आणि पैसे त्याच्या खात्यात यायचे. चपलांची किंमत तो मावशीला पोचती करायचा आणि कर स्वतःकडं ठेवायचा, भरण्यासाठी म्हणून. आक्का दर महिन्याला विचारायची, "भरला का रं?" तो म्हणायचा, "मावशी, ऑनलाइनच्या विक्रीचा कर ऑनलाइनच भरायचा असतोय. तू दुकानातला तेवढा भर." ती भरायची, एक दिवस न चुकता. त्यानं वेबसाइटचा एक पैसाही कधी भरला नाही.

विक्रीकर खात्याचे साहेब एका गिऱ्हाइकाचं बिल घेऊन आले. तिच्याच नंबराचं बिल, आणि ती विक्री तिच्या हिशेबात कुठं नव्हती. मी रस्ता ओलांडून धावलो. साहेब भला माणूस होता. सगळं ऐकून म्हणाला, "बाई, पैसे भाच्यानं घेतले असं लिहून द्या. तुमचं काही तरी बघता येईल."

आक्कानं विचारलं, "बिलावर नंबर कुणाचा?"

"तुमचा."

"मग मीच भरतो."

दंड कमी व्हावा म्हणून मी साहेबांशी बोलायला लागलो. माझं आयुष्यच त्यात गेलेलं. आक्कानं मला गप्प केलं. "कराची घासाघीस करतोस व्हय? वांगी हायत का?"

मी हातकणंगल्याला गेलो. भाचा दारातच उभा राहिला. म्हणाला, "काका, धंद्यात पुढं-मागं होतंय. मावशीनं तक्रार केलीया का? मग तुम्ही कोण?" माझा हात उठला होता. घरातून त्याची आई, आक्काची बहीण, बाहेर आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. आक्कानं लिहून का दिलं नाही, ते मला तिथं कळलं. मी हात खाली घेतला. तो आजही खालीच आहे, आणि आजही वळवळतो.

दुकान विकून आक्कानं कर भरला, दंडही भरला. मग स्वतः जाऊन नंबर रद्द करून आली. संध्याकाळी तिनं माझ्याकडं शिडी मागितली. मला वाटलं, पाटी काढायची असेल. ती वर चढली आणि पाटीच्याच निळ्या रंगानं एकेक आकडा पुसत गेली. 'व्ही' तेवढं राहिलं. ब्रश हातात धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. खाली माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ज्यांना ती वर्षानुवर्षं बिलं देत आली, ती माणसं आपापल्या दारांतून बघत होती.

कोडोलीला ती वडिलांच्या घरी राहिली. मी एकदा उत्तम कातड्याचा तुकडा घेऊन गेलो. तिनं अंगठा फिरवला, बराच वेळ. सवयीनं म्हणाली, "बिल आणलंस?" मी खिशातून बिल काढलं. तिनं ते घेतलंच नाही. "कुणाच्या नावावर फाडलंस, बाबा? मला कुठं नंबर हाय आता?"

त्यानंतर ती फार जगली नाही.

पाटी मी उतरवून घेतली, ती माझ्या गोडाऊनमध्ये आहे. भाचा आता तरुण पोरांना ऑनलाइन धंद्यावर भाषणं देतो, मावशीच्या चपलांचे फोटो दाखवून. त्यानं पैसे घेतले, ते मी सोडून देतो. पण त्यानं मंगळवार पेठेत यावं. मी पाटी बाहेर काढून ठेवतो. तिच्याशेजारी उभं राहून, सगळ्या दुकानांना ऐकू जाईल असं त्यानं सांगावं, "कर मावशीनं बुडवला नाही, मी बुडवला." आक्काच्या भाच्या, कधी येतोस, ते कळव.