फळ्यावर लिहिणारा अनोळखी

तेव्हा कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात इंटरनेट एकाच कॉम्प्युटरवर होतं, आणि तेही ऑफिसच्या फोनलाइनवर. ऑफिसात कुणी रिसीव्हर उचलला की आमचं कनेक्शन तुटायचं. चपला बाहेर काढून, कॉम्प्युटर लॅबच्या पडदे ओढलेल्या त्या गार खोलीत मी भूगोलाच्या मुलामुलींना घेऊन बसायचे.

स्कॉटलंडमधल्या एका प्राध्यापकांशी माझी ईमेलवरून ओळख झाली होती. पाऊस त्यांच्याकडेही फार, आणि त्यांचा वर्गही पाऊस आणि शेती हाच विषय शिकत होता. त्यांनी दोन्ही वर्गांसाठी वेबवर एक फळा तयार केला. आपल्या गावात पावसानं काय केलं ते आमच्या मुलांनी लिहायचं, तिकडच्यांनी प्रश्न विचारायचे. फळा कुणालाही उघडता यायचा आणि त्यावर कुणालाही लिहिता यायचं. वेब तेव्हा असंच होतं, दार सताड उघडं.

सगळ्यात चांगलं लिहायची ती राधानगरीकडची एक मुलगी. इंग्रजी मोडकं, पण नजर तीक्ष्ण. रानगव्यांचा कळप भातात शिरला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी डबे बडवत रात्र कशी काढली, हे तिनं लिहिलं आणि स्कॉटलंडची मुलं प्रश्न विचारत तिच्या मागेच लागली. खाली ती स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव लिहायची, परीक्षेच्या पेपरवर लिहावं तसं.

एका दुपारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, जरा लॅबमध्ये येता?"

तिच्या मजकुराखाली कुणीतरी लिहिलं होतं. अक्षरं रोमन, पण भाषा मराठी. 'काल हिरवा ड्रेस छान दिसत होता. स्टँडवर एकटीच का उभी असतेस?' खाली नाव नव्हतं.

स्कॉटलंडमध्ये यातला एक शब्दही कुणाला कळला नसता. लिहिणारा कोल्हापुरातला होता, आणि काल रंकाळा स्टँडवर होता, जिथून ती रोज गावची एसटी पकडायची.

"काल तू हिरवा ड्रेस घातला होतास?"

"व्हय."

"घरी सांगू या का? मी येते तुझ्याबरोबर."

"नको मॅडम," ती घाईनं म्हणाली. "घरात कळलं की कॉलेज बंद. त्याला कोण शोधत बसतंय? मलाच घरात बसवत्यात की."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. प्राचार्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पहिला फोन तिच्या घरीच लावला असता. तो मजकूर पुसावा तर पुसायचा पासवर्ड स्कॉटलंडला. मी ईमेल लिहायला बसले. तो जायच्या आतच ऑफिसात कुणीतरी फोन उचलला. पुन्हा जोडणी, मोडेमचं ते किंचाळणं, पुन्हा लिहिणं. शेवटी एकदाचा ईमेल गेला.

संध्याकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तिथला प्रत्येक पुरुष मला तोच वाटत होता. शेंगा फोडत बसलेला, मोटरसायकलवर टेकून उभा असलेला, तिकिटाची पेटी घेऊन चाललेला कंडक्टर. एक वयस्क माणूस जवळ येऊन म्हणाला, "बाई, राधानगरी गाडी गेली काय?" मी उत्तर न देता तिचं मनगट पकडून बाजूला ओढलं. तो बिचारा बघतच राहिला.

सकाळी फळा उघडला. तो मजकूर निघाला होता. प्राध्यापकांनी ईमेलमध्ये माफी मागून विचारलं होतं, फळा बंद करू का? पण पुसलेल्या जागेखाली एक नवी ओळ आली होती. 'काल मॅडमपण होत्या सोबत.'

म्हणजे कालही तो स्टँडवरच होता.

बंदच करायचं, मी ठरवलं. पण तोवर त्या मुलीनं वर्गातल्या बाकी मुलींना सगळं सांगून टाकलं होतं. कसबा बावड्याची एक खणखणीत आवाजाची मुलगी म्हणाली, "बंद कशाला, मॅडम? आज सगळ्याच जाऊ की स्टँडवर. बघू कोण हाय ते."

त्या सगळ्या गेल्या. मीही गेले. बाकावर दाटीवाटीनं बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या डोळ्यांत बघत राहिल्या. कुणी समोर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच रोमन मराठीत फळ्यावर लिहिलं, 'काल आम्ही सगळ्या होतो. तू कुठं होतास? पुढं येऊन बोल.'

त्यानंतर रोज फळ्याचं पान स्क्रीनवर वरून खाली सावकाश उमटत जायचं आणि शेवटची ओळ दिसेपर्यंत मी नजर हलवायचे नाही. उत्तर कधीच आलं नाही. प्राध्यापकांनी फळ्याला पासवर्ड लावला, नावं-गावं काढली, आणि लिखाण चालू राहिलं. तिला गाडीत बसवून देणं मुलींनी वर्ष संपेपर्यंत सोडलं नाही.

तो कोण होता, कळलं नाही. एखाद्या सायबर कॅफेत बसलेला कुणी असेल. किंवा आमच्याच वर्गातला, त्याच गार खोलीत माझ्या शेजारी बसणारा. या विचारानं मी वर्गातल्या मुलांशी पुढं मोकळेपणानं बोलूच शकले नाही, आणि त्यांना त्याचं कारणही सांगता आलं नाही.

ती मुलगी आता पन्हाळ्याला सरकारी कचेरीत अधिकारी आहे. गेल्या वर्षी भेटली तेव्हा मी विचारलं, "तेव्हा तू घाबरली होतीस का गं? कधी दिसलं नाही."

"लई," ती म्हणाली. "पण तुमी माझ्यापेक्षा जास्त भ्यालता. दोघींनी भिऊन कसं चालंल?" मग तिनं आवाज उतरवला. "अजूनबी एसटीची वाट बघताना पाठ भिंतीला लावूनच उभी राहते, मॅडम."